बरणीतलं ‘बहुधा’

आमच्या घरात ‘बहुधा’ या शब्दाला बंदी होती. ती कोणी जाहीर केलेली नव्हती, पण पाण्याचा माठ कुठे ठेवायचा हे जसं घरात सगळ्यांना माहीत असतं तशी ती आम्हाला माहीत होती. ‘कदाचित’, ‘असं वाटतं’, ‘असावं’ हेही त्याच रांगेतले. पप्पा नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात लेथवर कामाला होते आणि शिफ्ट संपली की कामगारांसाठी पत्रकं लिहायचे. मी बाराखडी शिकले ती त्या पत्रकांवर. शाळेच्या वह्यांना कव्हरं त्यांची, भाकरीच्या टोपलीत खाली अंथरलेला कागद त्यांचा, आणि आई शिवणाच्या मशीनवर शाळेचे गणवेश शिवायची तेव्हा खिशाचा आकार कापायला लागणारा नमुनाही एका जुन्या पत्रकाचाच होता. त्यावर ‘कामगार बंधूंनो’ एवढंच उरलं होतं. इतर मुलींना परीकथा पाठ असतील, मला सुरक्षा बुटांच्या मागणीचे सात मुद्दे पाठ होते. त्या सातांत एकही वाक्य डळमळीत नव्हतं. पप्पा म्हणायचे, “पत्रक हातात पडल्यावर माणूस ते दोन मिनिटं वाचतो. त्या दोन मिनिटांत आपणच ‘असावं’ म्हटलं, तर तो काय करील? तोही म्हणील, असावं. आणि घरी जाईल.”

आमचं घर सिडकोतलं, दोन खोल्यांचं. रविवारी दुपारी सुकटाची चटणी किंवा बोंबलाचं कालवण, बाजरीची भाकरी, आणि जेवणं झाली की पत्रकाचं वाचन. त्याची एक पद्धत होती. पप्पा कच्चा खर्डा मोठ्यानं वाचायचे आणि घरातलं एक जण ‘मालक’ व्हायचं. मालकाचं काम एकच, प्रत्येक वाक्याला “कशावरून?” विचारणं. ज्या वाक्याला उत्तर देता आलं नाही ते पप्पा लाल पेनानं खोडायचे. आई सगळ्यात कडक मालक होती. ती मशीन थांबवायचीसुद्धा नाही. पायडल चालू, दोऱ्याचं टोक दातात, आणि त्यातूनच “कँटीनचं जेवण निकृष्ट आहे म्हणता, कशावरून?”

“अगं, मी रोज जेवतो तिथं.”

“तुम्ही तर माझ्याही जेवणाला नावं ठेवता. दुसरं काही सांगा.”

मग पप्पा डाळीत सापडलेल्या खड्यांची गोष्ट सांगायचे आणि ते वाक्य टिकायचं. पक्कं झालेलं पत्रक ते आपल्या वळणदार अक्षरात लिहून काढायचे आणि कच्चा खर्डा तिथल्या तिथे फाडून मागच्या दारच्या बंबात टाकायचे. हेही पद्धतीतलंच. तरुणपणी एकदा कच्चा कागद नको त्या हातात गेला होता आणि अक्षरावरून एका मित्राची नोकरी गेली होती. तेव्हापासून आमच्याकडे पक्कं झालं की कच्चं राहत नाही. आमच्या आंघोळीचं पाणी कित्येक वर्षं खोडलेल्या वाक्यांवर तापलं.

हे मी आता पस्तिशीत लिहिते आहे. आठवणी लिहायचं हे वय नव्हे असं माझे संपादक म्हणतात. त्यांना मी सांगितलं, आमच्याकडे माणसं जाहीरनामा विसाव्या वर्षी लिहितात, त्या मानानं मला उशीरच झालाय. माझ्या लेखांबद्दल लोक म्हणतात की त्यात आग असते. असते, आणि ती त्या बंबातली आहे. पण माझ्या लेखात अधूनमधून एखादं ‘बहुधा’ दिसतं, ते कुठून आलं हे मला कोणी विचारलेलं नाही. ते माशांकडून आलं. नाशिकमध्ये, जिथून समुद्र दिसायला घाट उतरून पार पलीकडे जावं लागतं.

प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करताना आम्हाला देवरे मॅडम होत्या. गाव देवळ्याकडचं, घरी कांद्याची शेती, माहेर-सासर दोन्हीकडे माशाचा वास चालत नसे. आणि या बाईंनी सगळी नोकरी एका माशामागे घालवली होती. इंग्रजीत त्याला गोटफिश म्हणतात, कारण हनुवटीखाली बोकडासारखी दाढी असते, दोन लांब धाग्यांची. त्या धाग्यांनी तो तळाची वाळू चाचपतो, खालचे किडे उठवतो, आणि काम झालं की ते मिटून गळ्याखाली ठेवून देतो. बाजारात तो स्वतःच्या नावानं विकला जात नाही, बारीकसारीक माशांच्या ढिगात येतो. दर वर्षी अभ्याससहलीला किनाऱ्यावर गेलं की विद्यार्थी भेळ खायचे आणि मॅडम बोटींवरून फेकून दिलेल्या माशांच्या ढिगाशी बसून दाढीवाले निवडायच्या. डहाणूपासून पार दक्षिणेच्या बेटांपर्यंतचे दाढीवाले असे कॉलेजच्या मागच्या खोलीत बरण्यांमध्ये येऊन राहिले होते. रंग केव्हाच उडालेले. जिवंतपणी गुलाबी, पिवळे, शेपटीवर तिरपे पट्टे असलेले ते मासे औषधात सगळे फिक्या चहाच्या रंगाचे झाले होते.

मॅडमचा जीव त्यातल्या एका प्रजातीवर होता. उपेनियस हे तिचं नाव. पहिल्याच दिवशी त्यांनी मला एक मासा, एक भिंग आणि एक बोथट सुई दिली. म्हणाल्या, “तोंड उघड आणि टाळूवरून सुई फिरव. खरखर लागली तर उपेनियस. टाळू गुळगुळीत लागली तर तो याचा चुलत भाऊ, त्याला वेगळ्या रांगेत ठेवायचं.” लागली खरखर. मग पुढचं, त्या प्रजातीतल्या जाती ओळखायच्या. पाठीवरच्या पहिल्या पराचे, म्हणजे पंखाचे, काटे मोजायचे, काहींना सात असतात, काहींना आठ. शेपटीच्या वरच्या आणि खालच्या पाकळीवरचे पट्टे, कल्ल्यांवरचे दाते.

‘जाती’ हा शब्द त्यांनी उच्चारला आणि मी सुई खाली ठेवली. आमच्या कॉलनीत, आमच्या विहारात, आमच्या घरात त्या शब्दाशी जे भांडण चाललं होतं ते मी दुधाबरोबर प्यायले होते. मी म्हणाले, “मॅडम, माणसांचं कमी पडलं म्हणून माशांचंही करायचं?”

त्या रागावल्या नाहीत. डब्यातल्या कळण्याच्या भाकरीचा तुकडा मोडत म्हणाल्या, “इथली जात माशाला माहीत नसते. ती आपण ठरवतो, बघून. आणि उद्या जास्त नीट बघता आलं तर बदलतो. कालचं खोडून नवीन लिहितो, कोणाची अब्रू जात नाही. तुझ्या त्या दुसऱ्या जातीत असं कधी झालंय का?”

“नाही.”

“मग वेगळं आहे ते. उचल सुई.”

घरी हे पप्पांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ हसले. “बाई हुशार आहे. पण तू लक्ष ठेव. काटे मोजता मोजता मोठा मासा-छोटा मासा सुरू केलं की मला सांग, पत्रक काढू.”

पत्रक काढायची वेळ आली, वेगळ्या कारणानं. मॅडमची निवृत्ती तोंडावर आली आणि कॉलेजनं ठरवलं की मागची खोली रिकामी करायची. तिथे बैठकांसाठी वातानुकूलित हॉल होणार होता. बरण्यांचं काय, असं विचारल्यावर उत्तर मिळालं की विल्हेवाट लावली जाईल. मॅडमनी कुठेतरी ओळख काढून किनाऱ्यावरच्या एका संशोधन संस्थेला विचारलं. संस्था म्हणाली, आमचे पेडणेकर येऊन बघतील. ओळख नीट पटवलेली असेल तर सगळा संग्रह घेऊ, नसेल तर नाही. नाव नसलेला बाटलीतला मासा म्हणजे शास्त्राच्या दृष्टीनं कचराच. एका बाईची सगळी नोकरी एका माणसाच्या एका दिवसाच्या बघण्यावर येऊन ठेपली.

मी त्या दिवशीच पत्रक लिहिलं. शीर्षक दिलं, ‘ज्ञानाची विल्हेवाट’. त्यात प्राचार्यांपासून वातानुकूलनापर्यंत सगळ्यांचा समाचार घेतला होता. पप्पांना ते इतकं आवडलं की त्यांनी एकच शब्द खोडला. मॅडमनी चष्मा लावून दोनदा वाचलं. म्हणाल्या, “छान लिहितेस गं. फक्त यात एकही मासा नाहीये.” घडी घालून परत दिलं. “तुझी आग हवीये मला, पण इथे. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. पहिला काटा काही माशांत तिळाएवढा असतो, कातडीत दडलेला. तो मला आता दिसत नाही. तू बघ, मी लिहिते.”

मग कित्येक आठवडे आम्ही तेच केलं. मी भिंगाखाली मासा धरायचे, काटे मोजायचे, सुईनं कातडी हलकेच बाजूला सारून तिळाएवढा काटा शोधायचे. मॅडम शेजारी बसून चिठ्ठ्या लिहायच्या. शास्त्रीय नाव, खाली मासा मिळाल्याचं ठिकाण. आणि जिथे खात्री नव्हती तिथे नावाच्या आधी ‘बहुधा’. बाहेरचे अभ्यासक यासाठी दोन अक्षरांचं एक संक्षिप्त रूप वापरतात, मॅडम सरळ मराठीत लिहायच्या. कुठे ‘बहुधा’, कुठे प्रश्नचिन्ह, एका चिठ्ठीवर तर ‘बहुधा, पण शेपटी फाटलेली’. दुपारी त्यांच्या डब्यातला ठेचा आणि माझ्या डब्यातली मटकी. त्या मटकी सगळी संपवायच्या आणि म्हणायच्या, “तुझ्या आईला सांग, मासा असेल त्या दिवशी डबा माझ्यापासून लांब ठेव. मी नुसतं बघते, खात नाही.” इतकी वर्षं माशांत घालवून त्यांनी मासा कधी तोंडात घातला नव्हता. मला तेव्हा हे विचित्र वाटायचं. आता वाटतं, ज्याच्याकडे इतकं बघितलं त्याला खाणं जड जात असेल. बहुधा.

पेडणेकर गुरुवारी येणार होते. आदल्या शनिवारी चिठ्ठ्या पूर्ण झाल्या, पण त्यांची अवस्था वाईट होती. डाग पडलेल्या, खाडाखोड केलेल्या, काही ठेच्याच्या तेलानं पारदर्शक झालेल्या. बरणीत माशाबरोबर चिठ्ठी राहते ती जाड कागदावर पेन्सिलनं लिहिलेली लागते, शाई स्पिरिटमध्ये उतरते. मी म्हणाले, आमच्या पप्पांचं अक्षर नाशिकमध्ये नंबर एक आहे. मॅडमनी कौतुकानं सगळ्या चिठ्ठ्या माझ्या हवाली केल्या.

रविवारी मी बरण्यांत नवं स्पिरिट भरायला कॉलेजात गेले आणि पप्पांनी घरी बैठक मारली. संध्याकाळी घरी आले तर चिठ्ठ्यांचा गठ्ठा तयार, शिवणाच्या दोऱ्यानं बांधलेला, आणि पप्पा इतके खूश की त्यांनी बाहेर जाऊन जिलेबी आणली होती. “टोक सारखं करत बसलो होतो,” पेन्सिलीचे तुकडे दाखवत म्हणाले. “आई म्हणाली, एवढी मेहनत लग्नपत्रिकेवर घेतली नव्हती.” मी वरची चिठ्ठी पाहिली. छापल्यासारखं अक्षर. गठ्ठा न सोडता पिशवीत ठेवला.

सोमवारी सकाळी आम्ही एकेक चिठ्ठी बरणीत सोडत होतो. मॅडम प्रत्येक बरणी खिडकीच्या उजेडात धरून डोळ्यांजवळ न्यायच्या. चार-पाच झाल्यावर त्या थांबल्या. बरणी फिरवली, पुन्हा वाचलं. घाबरल्या की त्यांच्या तोंडून अहिराणी निघायची. “हाई काय शे?” हे काय आहे, एवढंच म्हणाल्या.

मग आम्ही सगळा गठ्ठा टेबलावर पसरला. कुठेही ‘बहुधा’ नव्हतं. एकही प्रश्नचिन्ह नव्हतं. प्रत्येक मासा आपलं नाव छाती काढून सांगत होता.

“कच्च्या चिठ्ठ्या आण,” मॅडम म्हणाल्या. त्या कुठे होत्या हे मला कोणाला न विचारता माहीत होतं. त्यांच्यावर तापलेल्या पाण्यानं मी त्या सकाळी आंघोळ केली होती. मोबाइल होता माझ्याकडे, कॅमेरावाला, पण चिठ्ठ्यांचे फोटो काढून ठेवावेत हे कोणाला सुचणार? कळत नसल्यासारखी मी म्हणाले, “मॅडम, तुम्हाला आठवत असेल ना कुठे कुठे होतं.”

“बरंचसं आठवतंय. पण आठवतंय म्हणून लिहायचं नसतं, दिसतंय म्हणून लिहायचं असतं.” त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “पेडणेकर मधलीच एखादी बरणी उघडतील. तिच्यावर नाव ठाम असेल आणि मासा ठाम नसेल, की झालं. मग बाकीच्या बरण्या ते उघडणारसुद्धा नाहीत.”

त्या दिवशी मी घरी कशी पोचले ते मला आठवत नाही, एवढंच आठवतं की चप्पल न काढता आत गेले. पप्पा पहिली शिफ्ट करून आले होते, चहा पीत होते.

“पप्पा, ‘बहुधा’ कुठं गेलं?”

त्यांना लगेच कळलं, आणि त्यांचा चेहरा उलट खुलला. “काढलं. लय ठिकाणी होतं. सगळं वाक्य ढिलं पडत होतं. तो मोठा साहेब येणार बघायला आणि आपणच बहुधा-बहुधा म्हणायचं? म्हणजे बोनस बहुधा देऊ, त्यातली गत. मॅडमची इतक्या वर्षांची मेहनत, ती ताठ दिसायला नको?”

“ती खोटी दिसते आता.”

मशीन थांबलं. आईनं मशीन थांबवलं की घरात काहीतरी गंभीर असायचं. मी सगळं सांगितलं, रडत, ओरडत, पत्रकाच्या भाषेत. सेन्सॉरशिप हा शब्दही वापरला. पप्पा ऐकत होते. बशीतला चहा तसाच निवला. शेवटी म्हणाले, “मला वाटलं बाईंचा धीर सुटतोय. आपल्या माणसाचा धीर सुटला की आपण वाक्य पक्कं करायचं असतं.” मग बशी बाजूला सारून, “मला नाय कळलं की ते शंका म्हणून लिहिलेलं नव्हतं, माहिती म्हणून लिहिलेलं होतं.”

आई म्हणाली, “आता कळलं ना? मग बसून राहू नका.”

मंगळवारी दुपारी पप्पा कारखान्याच्या निळ्या कपड्यांतच कॉलेजात आले, हातात पेन्सिली आणि खोडरबर. मॅडमसमोर हात जोडून उभे राहिले, काही बोलायला गेले आणि मॅडमनी त्यांना स्टूल पुढे केलं. “अक्षर मात्र खरंच सुंदर आहे हो,” त्या म्हणाल्या. पप्पांनी पेन्सिली टेबलावर मांडल्या. मग म्हणाले, “मॅडम, मला मासे कळत नाहीत. मला एकच काम येतं. मी मालक होतो.”

मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या. मी त्यांना आमच्या रविवारच्या पद्धतीबद्दल सांगितलं. त्यांना ती इतकी पसंत पडली की त्यांनी दाराला आतून कडी घातली, कोणी मध्ये येऊ नये म्हणून.

“विचारा, मालक.”

पप्पांनी पहिली बरणी पुढे ओढली. “हा उपेनियस. कशावरून?”

“टाळूला दात आहेत.”

“कशावरून?”

मॅडमनी सुई त्यांच्या हातात दिली. पप्पांनी जपून, झोपलेल्या पोराचं तोंड उघडावं तसं माशाचं तोंड उघडलं आणि सुई फिरवली. “हां. बारीक पॉलिश पेपर.” ते वाक्य टिकलं. “काटे आठ, कशावरून?” मी भिंगाखाली मोजून दाखवले, तिळाएवढा पहिला काटा सुईच्या टोकावर उचलून. टिकलं. “शेपटीला खाली अमुक पट्टे, कशावरून?” तिथे मी अडकले. खालची पाकळी विरलेली होती. मॅडम शांतपणे म्हणाल्या, “बहुधा.” पप्पांनी पेन्सिल उचलली आणि स्वतः काढून टाकलेला शब्द स्वतःच्या अक्षरात पुन्हा लिहिला. मी त्यांच्या हाताकडे बघत होते. थोडा वेळ लागला त्यांना.

मंगळवार, बुधवार असंच चाललं. बुधवारी आईनं डबा दिला, वर चिठ्ठी नव्हे तर निरोप, की मॅडमसाठी वेगळ्या कप्प्यात पिठलं आहे, बोंबलाचा हात लागलेला नाही. पप्पा मालक म्हणून निर्दय होते. एकदा मॅडम म्हणाल्या, “आमच्या परीक्षकांनी मला इतकं कधी छळलं नव्हतं.” त्यावर पप्पा म्हणाले, “त्यांना तुमच्या बरण्या वाचवायच्या नव्हत्या ना.” आणि मॅडम तोंडाला पदर लावून हसल्या.

शेवटाला एक बरणी राहिली. तो मासा मॅडमचा सगळ्यात जुना, रंग गेलेला, आणि पाठीवर नेमकी पहिल्या काट्याच्या जागी कातडी फाटलेली. मी मोजले, सात. पण आठवा तिथे असून निघून गेलेला असू शकत होता, आणि सात की आठ यावर सगळंच बदलत होतं. मी म्हणाले, “आठ लिहा.”

“कशावरून?”

“बाकी सगळं आठवाल्यांसारखंच आहे. डोकं, दाते, बांधा.”

“बाकीचं सोड. काटा दाखव.”

“पप्पा, असणारच तो. शेवटची बरणी आहे, एका काट्यासाठी कशाला अडून बसायचं? निदान ‘बहुधा आठ’ तरी लिहा.”

“बहुधा लिहायलाही काहीतरी दिसायला लागतं ना? का उगाच?” हे त्यांनी मॅडमना विचारलं. मॅडमनी मान हलवली. मी भांडायला लागले, तावातावानं, आणि अर्ध्यात माझ्या लक्षात आलं की या खोलीत आता वाक्य ताठ करायला निघालेली मी एकटीच होते. मॅडमच्याही लक्षात आलं असावं. त्या म्हणाल्या, “एकाच घरातले दिसता खरे.”

पप्पांनी पेन्सिल कागदावर टेकवली. “मग काय लिहू?”

“जे माहीत आहे तेवढंच.”

त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं, ‘उपेनियस. पुढचं माहीत नाही.’ लिहून झाल्यावर त्याकडे जरा लांबून बघितलं. असं वाक्य त्यांच्या हातून आयुष्यात पहिल्यांदा गेलं होतं आणि ते फाडायचं नव्हतं.

गुरुवारी पेडणेकर आले. मालवणकडचे, तरुण, कमी बोलणारे. त्यांनी स्वतःची सुई आणली होती. मधूनच एखादी बरणी उचलायचे, चिठ्ठी न वाचता मासा बघायचे आणि मग चिठ्ठी वाचायचे. मॅडम खिडकीशी उभ्या होत्या, पाठ करून. मी कधी त्यांच्याकडे बघत होते, कधी त्या सुईकडे. एका बरणीशी ते बराच वेळ थांबले. चिठ्ठी वाचली, ‘बहुधा, पण शेपटी फाटलेली’. पुन्हा मासा बघितला. पुढची उचलली. मग तो जुना मासा त्यांच्या हातात आला. त्यांनी तो दोनदा भिंगाखाली धरला, सुईनं ती फाटलेली जागा चाचपली. आम्ही ज्या वाटेनं गेलो होतो त्याच वाटेनं ते जात होते आणि मला ती वाट तोंडपाठ होती. शेवटी मासा जपून परत सोडून म्हणाले, “नाही मॅडम. मलाही सांगता येत नाही.”

मॅडम वळल्या नाहीत. “नाहीच येणार,” म्हणाल्या.

“टेम्पो सोमवारी पाठवला तर चालेल ना?” पेडणेकरांनी विचारलं. मग हात धुता धुता, “हे अक्षर कोणाचं? आमच्याकडेही लेबलं लिहायला माणूस हवाय.”

बरण्या गेल्या त्या दिवशी खोलीतल्या फळ्यांवर गोल गोल डाग उरले होते. मॅडमनी ते फडक्यानं पुसायला घेतले आणि अर्धे तसेच ठेवले. मला त्यांनी ती बोथट सुई दिली. ती माझ्या टेबलावर असते. मी मासे पुढे केले नाहीत, लेखणीकडे वळले, आणि त्याबद्दल मॅडमनी मला कधी बोल लावला नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर त्या मुद्दाम आमच्या घरी आल्या, आईच्या हातची मटकी खाल्ली आणि भिंतीवर लावलेलं पप्पांचं एक जुनं पत्रक जवळ जाऊन वाचत राहिल्या. म्हणाल्या, “आता दिसतंय सगळं. हे तिसरं वाक्य कशावरून हो?” पप्पांनी लाल पेन उचललं.

मागच्या वर्षी कामानिमित्त किनाऱ्यावर गेले होते तेव्हा मी त्या संस्थेत डोकावले. लोखंडी कपाटांत आमच्या बरण्या ओळीनं उभ्या होत्या. काही चिठ्ठ्यांच्या शेजारी नव्या चिठ्ठ्या आल्या होत्या. कोणीतरी नंतर बघून ‘बहुधा’ काढलं होतं, नीट कारण देऊन. जुनी चिठ्ठी मात्र फाडलेली नव्हती, दोन्ही बरणीत शेजारी शेजारी. त्या जुन्या माशाच्या बरणीत अजून एकच चिठ्ठी होती. पेन्सिल जराही फिकी पडलेली नव्हती.

आणि हे एक. त्या गुरुवारनंतर काही महिन्यांनी अंबडच्या कारखान्यात कुजबूज सुरू झाली की एक विभाग बंद होणार. पप्पांनी पत्रक लिहिलं. रविवारची दुपार, सुकटाचा वास, आईचं मशीन चालू. पप्पांनी वाचायला सुरुवात केली आणि दुसऱ्या वाक्यात अडखळले. मग वाचलं, “व्यवस्थापन हा विभाग बहुधा दिवाळीआधी बंद करणार आहे.”

मशीन थांबलं. “बहुधा?” आईनं दोरा दातातून काढला. “कशावरून?”

“दोन यंत्रांचं सामान येणं थांबलंय, ते मी डोळ्यांनी बघितलं. बाकीचं कानावर आलंय.” पप्पांनी कागद खाली ठेवला नाही. “सगळं नाय माहीत. म्हणून तर तसं लिहिलंय.”

आईनं दोरा पुन्हा सुईत ओवला.

“राहू द्या मग,” ती म्हणाली, आणि पायडल मारलं.